दोन मिनिटांचा नटसम्राट

ऑडिशनची तारीख लागली की हा मनुष्य फोन करतो. तुमच्याही ओळखीत एक असेलच. विषय ठरलेला: "स्वगत कुठलं घेऊ?" आपण सुचवायचं, त्यानं उडवून लावायचं. अडचण भाषेची नसते, भूमिकेचीही नसते. "ह्यात माझा पॉज कुठाय?"

शब्द लेखकाचे, पॉज आपला, ही त्याची श्रद्धा. टपरीवर "एक कटिंग..." म्हणून त्यानं असा पॉज घेतला, की मागच्या तिघांचा चहा पिऊन झाला, पैसे देऊन झाले, आणि मग ह्याचं "साखर कमी" आलं. मुलगी पाहायला गेला तेव्हा "पसंत आहे ना?" यावरही घेतला. मंडळींनी नकार समजून पोह्यांच्या बश्या उचलल्या. तो अजून म्हणतो, होकारच होता, वाक्य पुढे होतं!

'शांतता! कोर्ट चालू आहे'वर त्याचा फार जीव. काशीकर घड्याळ पुढे करून बेणारेबाईला दहा सेकंद देतो आणि तेंडुलकर तिला पोटभर बोलू देतात. बाकीचे सगळे जागच्या जागी गोठलेले. "बघ, अख्ख्या रंगमंचाला पॉज!" पण ती पडली बाई. 'एकच प्याला'तला सुधाकर घ्यावा, तर गडकऱ्यांच्या वाक्यात श्वासाला जागा नाही, पॉज कुठला कोंबणार? मग फिरून 'नटसम्राट'. बाविशीत आईची शाल पांघरून हा गणपतराव बेलवलकर! कुणी वय काढलं की उत्तर तयार: "1970 साली लागू तरी कुठे म्हातारे होते? 43 वर्षांचे होते!"

मिळतात दोन मिनिटं. परीक्षक मोबाइलमध्ये. हा पहिलं वाक्य टाकतो, पॉज घेतो, आणि टेबलामागून येतं, "थँक यू, कळवतो." पहिल्या पॉजच्या पलीकडचा हा नट मराठी रंगभूमीनं अजून पाहिलेला नाही. आता तर व्हिडिओ काढून पाठवायचा असतो, आणि खाली फॉलोअर किती ते लिहायचं. तिथे पॉज घेतला तर समोरच्याला वाटतं, नेट गेलं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की कॉलेजची पोरं त्याच्या खोलीवर धडकतात. तो पोराला दोन वाक्यं बोलायला लावतो आणि त्याच्या आवाजाला बसेल असं नेमकं स्वगत काढून देतो. स्वतःच्या अक्षरात उतरवलेलं, पॉजच्या जागी पेन्सिलीचं बारीक टिंब. तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या एकाला त्यानं आळेकरांच्या 'महानिर्वाण'मधला भाऊराव दिला. "मेलेल्याचं काम आहे, कुणी तुझ्याकडे जिवंतपणा मागणार नाही." तो पोरगा हल्ली मालिकेत दिसतो. ह्याचा फोन उचलत नाही, ते सोडा.

गेल्या वर्षी हा 43 वर्षांचा झाला. मी म्हटलं, आता हक्कानं कर की नटसम्राट.

"छे, आता नको," तो एका दमात म्हणाला. "तेव्हा लोक हसायचे. आता हसले नाहीत तर काय करू?"