दयेचे तास भरले का?

ऐकलंत का? लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली डॉक्टर व्हायला निघालेली पोरं म्हणे भूतदयेचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात! रुग्णाला पांघरूण दिलं, पाणी दिलं, हातमोज्यांचं खोकं बदललं. लिहा चार तास. शिव शिव शिव!

आधी मामला समजून घ्या. आपल्याकडे बारावी आणि नीट झाली की पोरगं एमबीबीएसला. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलचं दार. ‘प्रीमेड’ ही पदवी नव्हेच, नुसता पवित्रा! कुणी जीवशास्त्र घेतं, कुणी चक्क इतिहास. मेडिकलला लागणारे विषय सोबत उरकायचे. एकट्या यूसीएलएमधून दरसाल हजारावर अर्ज जातात. सत्र जेमतेम दहा आठवड्यांचं. शेजारी कोण बसतं ते कळायच्या आत पहिली मिडटर्म येते, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री भल्याभल्यांना अर्थशास्त्राची गोडी लावते.

पुढे एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची बैठक! गुण 472 ते 528. म्हणजे सगळं चुकलं तरी 472 कुठे जात नाहीत. आमच्या नीटवाल्यांना हे सांगू नका. तिथे माणूस शून्याच्याही खाली जातो.

पण खरी गंमत अर्जात. जास्तीत जास्त पंधरा उपक्रम लिहायचे. प्रत्येकापुढे तास, आणि खातरजमेसाठी कुणाचं तरी नाव नि संपर्क. वर्णन 700 अक्षरांत, मोकळ्या जागा धरून! त्यातले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ ठरवायचे. उरलेले बारा कशाला केले, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टरांच्या मागे मुकाट्याने फिरायचं, ते ‘शॅडोइंग’. शेजारी बसून त्यांचं बोलणं टिपायचं, ते ‘स्क्राइबिंग’. एवढं करूनही बरेच जण पदवीनंतर लगेच अर्ज न टाकता एखादं ‘गॅप इयर’ घेतात, म्हणजे सुट्टी नव्हे, आणखी तास! इकडे पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल: “पास झालास ना रे? मग घरी का बसलायस?”

आता वॉर्डात एखाद्या आजोबांनी पोराचा हात धरून कोरियातल्या युद्धाची गोष्ट सुरू केली, शिफ्ट संपली आणि पोरगं तरी बसून राहिलं, तर ती जादा वीस मिनिटं मांडायची का? मांडली तर हिशेबी, न मांडली तर खुळा!

बरं, पोरांना तरी किती नावं ठेवायची? तासांचा रकाना काही त्यांनी नाही काढला. मोठमोठ्या प्राध्यापकांनी सेवाभाव मोजायचा ठरवला, पोरं मोजून देतात. उद्या ‘नम्रता’ असा रकाना आला, तर तिचेही दोनशे तास भरतील आणि खातरजमेला आजीचा नंबर देतील!