श्री. गंज पापुद्रे यांस खुले पत्र

प्रति,
श्री. गंज पापुद्रे,
मु. पो. हब आणि डिस्क यांच्यामधली जागा,
पुढचं डावं चाक.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ताशी ९० च्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की आमच्या गाडीचं स्टिअरिंग हातात थडथडतं. पाय उचलला की गप्प. ब्रेकपॅड बदलून काही महिने झालेत. या थडथडीचं श्रेय सर्वस्वी आपलं, पण आजवर ते इतरांनाच वाटलं गेलं. आपल्यावरचा हा अन्याय दूर व्हावा, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

आपले हितचिंतक किती! पहिल्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. चाकाचं बॅलन्स गेलं तर गाडी ब्रेक न दाबताही एका ठरावीक वेगाला थरथरते, आमची फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते, एवढा फरक विचारायला त्याला सवड नव्हती. दुसऱ्याने लोअर आर्मचे बुश बदलले. ढिले बुश आलेली थरथर वाढवतात, ती निर्माण करत नाहीत, पण बिल मात्र निर्माण झालं. तिसऱ्याने चाक न खोलताच निकाल दिला: "डिस्क बेंड झालीय साहेब, जोडीच बदला." हे वाक्य मराठी मुलखातल्या कुठल्याही गॅरेजात फुकट मिळतं आणि पाळायला हजारो रुपये लागतात.

आपण मात्र आत निवांत होतात. रत्नागिरीचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि वर डिस्कचं झाकण. कोकणात याहून बरी जागा भाड्याने मिळणार नाही.

पॅड बदलायच्या दिवशी कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटसकट उतरवला गेला, ती आपल्यासाठी पर्वणी ठरली. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिस्क हबवर नुसती बसवलेली असते, तिला खरं आवळून धरतात ते चाकाचे नट. चाक निघालं की डिस्क सैल होते, जरा हलते, आणि आपला एखादा पोपडा सुटून मधल्या फटीत पडतो. मग कुणी हबवर वायर ब्रश मारत नाही. कॅलिपर चढतो, चाक चढतं, हवेची गन घर्र्र करून नट आवळते, एक जास्त, एक कमी. डिस्क तिरकी बसते, आणि पावतीवर लिहिलं जातं ‘ब्रेक वर्क ओके’.

तिरकी म्हणजे किती? आपलं कौशल्य इथेच. हबची बैठक साधारण १४० मिलिमीटर रुंद, डिस्क साधारण २५० ची. बैठकीच्या कडेला आपण ०.०५ मिलिमीटर जाडीने जरी बसलात, तरी डिस्कच्या कडेला ते डुगडुगणं सुमारे ०.०९ पर्यंत जातं. बहुतेक गाड्यांची दुरुस्तीपुस्तकं ०.०५ ते ०.१ च्या पुढे डुगडुग चालवून घेत नाहीत. मुद्रांक न लावता एवढी जमीन वाढवणारे आपणच.

आणि वर आपल्या निर्दोषपणाचा पुरावा पक्का, कारण गाडी त्याच दिवशी थडथडत नाही. डिस्क जराशी डुगडुगली तर कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो, पायाला काही कळत नाही. पण ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेरीत एका जागी बाहेरचं पॅड आणि बरोबर समोरच्या जागी आतलं पॅड डिस्कला हलकंसं घासत राहतं. हजारो किलोमीटर ही घासाघीस चालली की डिस्क तिथेच पातळ होते. मग मात्र कॅलिपरला जमत नाही. जाड भाग पॅडांमधून गेला की पकड वाढते, पातळ भाग गेला की सुटते. ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा फरक पुरतो. ९० च्या वेगात चाक सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतं, आणि तेवढ्याच लयीत पकड-सोड, पकड-सोड टाय रॉडवरून स्टिअरिंगपर्यंत चढत येते. थडथड सुरू होते तेव्हा पॅड बदलल्याचा दिवस मागे पडलेला असतो. मिस्त्री म्हणतो, "तेव्हा तर गाडी मस्त होती ना?" होती. आपण साक्षीदार आहात.

पॅड बदलल्याच्या दिवशीच गाडी थरथरली असती, तर आपल्याला मी हात लावला नसता. मग संशय आधीपासूनच जाड-पातळ झालेल्या जुन्या डिस्कवर आणि वेडेवाकडे आवळलेल्या नटांवर गेला असता. नव्या पॅडांची सवय न लावता घाटात उतरून, तापल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा थर एकाच जागी डिस्कला चिकटतो, तोही त्याच दिवसांत बोलतो. थरथर स्टिअरिंगऐवजी फक्त सीटला आणि पायाला आली असती, तर मागची चाकं बघावी लागली असती. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टरटर झाली असती, तर तो एबीएस, आणि त्याला काम करू द्यावं.

आपली ओळखपरेड मात्र यथासांग झाली. आधी चाक हलवून बेअरिंगला ढिलाई नाही हे बघितलं. मग नटांखाली वॉशर घालून डिस्क हबवर आवळली, चुंबकी स्टँडवर डायल लावली, तिचं टोक डिस्कच्या कडेपासून साधारण बोटभर आत टेकवलं आणि डिस्क हाताने फिरवली. काटा ०.०९ वर गेला. त्या जागी डिस्कवर आणि हबवर खडूची खूण केली. डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवली. उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर फिरला असता तर डिस्क दोषी. तो हबच्या खुणेपाशीच राहिला. डिस्क बाजूला घेतल्यावर एका स्टडच्या बुडाशी आपण वर्तुळाकार आसन घालून बसलेले दिसलात. तपकिरी, कडक, समाधानी.

‘बेंड’वाल्यांसाठी एक आठवण. कॅरोल स्मिथ हे शर्यतीच्या गाड्यांचे अमेरिकन अभियंते. फोर्ड जीटी ४० च्या मोहिमेत असलेल्या या माणसाने लिहून ठेवलंय की चाळीसहून अधिक वर्षांत त्यांनी वाकलेली डिस्क पाहिलीच नाही. पण त्यांनी एक अट घातली होती: हबची बैठक सपाट आणि चांगली असावी, नट योग्य क्रमाने, सारख्या ताकदीने आवळलेले असावेत. म्हणजे त्यांनी आपल्याला आधीच बाहेर काढून मग विधान केलं. आमच्याकडे विधान आधी होतं, आणि आपण आतच राहता.

ही अट माहीत नसलेले लोक डिस्क लेथवर घासून आणतात. लेथवर ती सरळ होते आणि हबवर आल्या आल्या पुन्हा आपल्या मांडीवर तिरकी बसते. काहीजण नवी कोरी जोडी आणतात. तीही आपल्याच मांडीवर. काही महिने गाडी लोण्यासारखी थांबते, मग पुन्हा थडथड, आणि दोष ‘हल्ली डुप्लिकेट माल येतो’ याला. आपली किंमत मात्र एका वायर ब्रशची.

रविवारी आपलं घर खाली करण्यात येईल. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, प्रत्येक स्टडच्या बुडाशी सावकाश, डिस्कच्या आतल्या बैठकीलाही. वरून ग्रीसचा लेप नाही, कारण आपण तिथेही मुक्काम कराल. कॅलिपरच्या गाइड पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस. डायल पुन्हा. नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला.

डिस्क आपल्यामुळे जाड-पातळ झालीच आहे. मायक्रोमीटरने तिची जाडी गोलाकार आठ ठिकाणी मोजली, आकडे जुळत नाहीत. लेथवर घासून ती तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या वर राहिली तर वाचेल, नाहीतर भंगारात. शिक्षा तिलाच. आपण फक्त झाडून निघाल.

कळावे.

आपला,
एक ब्रेक दाबणारा

ता. क. उजव्या चाकावर डायलचा काटा जेमतेम हलला. तिथले आपले बंधू तेवढ्याने सुटले असं समजू नये. वायर ब्रश एकच आहे, पण रविवार अख्खा आहे.