तीन घोडे फुकट

“बॅटरी धर.”

रविवारी सकाळी जिन्यातून हे दोन शब्द वर आले की दुपारच्या जेवणाचं काही खरं नसतं. आप्पांना माझा उपयोग तेवढाच. पान्यांचे नंबर मला कळत नाहीत. दहा-अकरा मागितला की माझ्या हातून बारा-तेरा जातो. पण बॅटरी मी बरी धरतो, असं त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं होतं आणि मी ते अजून विसरलेलो नाही. “उजेड माझ्या डोळ्यांत नको, नटावर पाड,” एवढी एकच सूचना. मग दोन-दोन तास आम्ही त्यांच्या पद्मिनीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे. त्यांच्या बनियनवर ऑइल, माझ्या मानेत कळ.

प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतो. कुठे त्याच्याकडे अँबॅसिडर असते, कुठे जावा. आमच्या एका मामांकडे तर लँब्रेटाचा नुसता सांगाडा होता आणि ‘होईल चालू’ हा विश्वास होता. गाडी बदलते, माणूस तोच. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नटबोल्ट, वॉशर, क्लिपा. यातला एक डबा चुकून फ्रीजमध्ये गेला आणि माईंनी तो पाहुण्यांसमोर पुरीबरोबर उघडला, तेव्हा आत डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट निघाले. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. उलट, “अरे, हे मी महिनाभर शोधतोय,” म्हणाले. कानांचंही तसंच. “अहो, पानं वाढलीयेत” हे तीनदा ओरडलं तरी पोचत नाही. पण खालून जाणाऱ्या परक्या गाडीचा एक टॅपेट वाजतोय, हे तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचता वाचता कळतं. नुसतं कळत नाही, गॅलरीतून ओरडून त्या माणसाला सांगितलंही जातं.

आप्पांची पद्मिनी १९७८ची. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढे एकच सलग सीट, ज्यावर आप्पा, माई आणि मधे फराळाची पिशवी असे तिघं बसतात. बँकेतून रिटायर होऊन आप्पांना पंधरा वर्षं झाली; गाडी मात्र अजून नोकरीत आहे. फियाट ११००-डीचं हे भारतीय रूप, ते कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायचं. आप्पा ते गाणाऱ्यांच्या भाषेत सांगतात: “घराणं तुरीनचं, तालीम कुर्ल्याची.” मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आप्पांना चौघांचे फोन आले. चौघांनीही आवाज जरा खाली आणून विचारलं होतं, “कळलं ना?”

तर गार हवेचं प्रकरण सुरू झालं ते मे महिन्यात. कात्रजचा घाट चढताना गाडीला दम लागतो, अशी आप्पांची तक्रार. मी म्हणालो, वय झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच “पेट्रोलचं” अशी पुस्ती जोडली. दोन दिवसांनी निदान झालं. “तिला श्वास गरम मिळतोय. इंजिन तापलेलं, त्याच्या उरावर एअर क्लीनर, तो तिथलीच भट्टीतली हवा ओढणार. तुला कोणी मे महिन्यात गोधडीत तोंड घालून पर्वती चढायला सांगितलं तर?”

उपाय असा की, ग्रिलच्या मागून एक पाइप काढायचा आणि बाहेरची गार हवा थेट एअर क्लीनरच्या तोंडात सोडायची. याला कोल्ड एअर इंडक्शन म्हणतात, हे त्यांनी जेवताना जाहीर केलं. माई म्हणाल्या, “इंडक्शन आहे की आपल्याकडे. ओट्यावर. ते बिघडवू नका.”

पण आप्पा बँकेतले. पुराव्याशिवाय मंजुरी नाही. त्यांनी घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर एअर क्लीनरच्या तोंडाशी लावला. त्याने जरा विचार केला आणि ‘एच’ हे अक्षर दाखवलं. एच म्हणजे हाय. किती हाय, ते सांगण्याची त्याची तयारी नव्हती. मग पहिल्या मजल्यावरच्या केक करणाऱ्या बाईंकडून सळईचा थर्मामीटर आला. बॉनेटखाली ६२ अंश, बाहेर सावलीत ३८. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब झाला. हवा तीन अंशांनी गार झाली की साधारण एक टक्का दाट होते. फरक २४ अंशांचा, म्हणजे आठ टक्के. चाळीस घोड्यांवर आठ टक्के, तीन पूर्णांक दोन दशांश.

“तीन घोडे फुकट!” आप्पा म्हणाले. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पैशापैशाचा ताळा जमवला त्याने दोन दशांश सोडून दिले, यावरून त्यांची मनःस्थिती ओळखा.

“तीन घोडे?” आतून माई. “बांधणार कुठे? पार्किंगचे आधीच वांधे आहेत.”

समोरच्या विंगेत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अशा इंजिनात कागदावरच्या फायद्यातला निम्माच हाती लागतो, असं सांगितलं. वर, दाट हवेला पेट्रोलही थोडं जास्त लागेल, जेट बदलावा लागेल, प्लगचा रंग बघत राहा. आप्पांनी दुसरा मुद्दा काढला. पाइपचं तोंड पुढे असलं की वेगात हवा आपोआप दाबून भरली जाईल, तो फायदा वेगळा. इंजिनिअरांनी तिथल्या तिथे गणित केलं: ऐंशीच्या वेगाला मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या ०.३ टक्के. “नगण्य,” ते म्हणाले.

“नगण्य?” आप्पा ताडकन उभे राहिले. “अहो, पाव टक्का व्याजासाठी लोक ठेवी मोडून समोरच्या बँकेत जायचे!”

मग सामान. नवं विकत आणणं हा या मंडळींच्या लेखी पराभव असतो. रविवारी जुन्या बाजारात आम्ही तीन तास फिरलो आणि पाइप सोडून सगळं घेतलं: एक पितळी नळ, फियाटचा असावा असा एक आरसा आणि कशाचा ते माहीत नसलेला पण ‘चांगला’ एक स्प्रिंग. पाइप शेवटी घरातच मिळाला. स्वयंपाकघरात चिमणी बसवली तेव्हाचा ॲल्युमिनियमचा, घडीघडीचा, दीड मीटर उरलेला. पुढचं तोंड रुंद हवं म्हणून माईंचं तेलाचं स्टीलचं नरसाळं गेलं. सांधे एम-सीलने. मी बॅटरी धरली. संध्याकाळी ग्रिलमधून आत डोकावलं की रेडिएटरशेजारी नरसाळ्याचं चकचकीत तोंड दिसायचं. सोसायटीतली पोरं त्याला भोंगा म्हणू लागली.

ट्रायल कात्रजला. पहिल्या वळणावर आप्पांनी तर्जनी वर केली. “ऐक.”

मी ऐकलं. मागे माईंच्या बांगड्या, कुठेतरी सैल पत्रा आणि पुढून हूंऽऽ असा एक नवा आवाज, रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखा.

“ऐकलंस? मोकळी झाली!”

इथे एक सांगितलं पाहिजे. या जातीच्या माणसाला “फरक काही कळला नाही” असं सांगणं मला आजवर जमलेलं नाही. कोणालाच जमत नसावं. तो स्टिअरिंग सोडून अर्धा तुमच्याकडे वळलेला असतो, भुवया वर, बोट हवेत, आणि समोरून एसटी येत असते. अशा वेळी माणूस म्हणतो, “हो, चांगलाच फरक आहे.” मी म्हणालो. माई म्हणाल्या, “समोर बघा.”

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. नरसाळ्याचं तोंड समोर आणि वर होतं. पहिल्याच जोरदार सरीत ते ज्या कामासाठी जन्माला आलं होतं तेच त्याने केलं. कागदी फिल्टर भिजून लगदा झाला आणि गाडी बंद पडली, ते बरंच झालं. पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असतं तर पाणी काही हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला असता. आप्पांनी तोंड खाली वळवलं, पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणाला पाणी गळायला भोक पाडलं आणि वहीत नोंद केली: ‘नरसाळे. दिशा बदलली.’ या वहीत १९९१पासूनच्या पेट्रोलचा हिशेब आहे. मुलाच्या बारावीचे मार्कही त्यातच, कारण त्या दिवशी टाकी फुल केली होती.

खरी कथा डिसेंबरातली. महाबळेश्वरहून परत निघालो ते पहाटे साडेपाचला, कारण आप्पांच्या मते इंजिनाला पहाटेची हवा मानवते. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं, ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. त्या दिवशी ती येण्यासारखी परिस्थिती होती. धुकं इतकं की बॉनेटवरचं चिन्ह दिसेना. तलावाच्या बाजूने हळूहळू येत असताना पद्मिनीने एक आचका दिला, मग दुसरा, मग उचकी लागल्यासारखी थरथरत रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली.

“बॅटरी धर.”

मी उजेड पाडला आणि कार्बोरेटर चमकला. त्याच्या अंगावर पांढरा, मऊ, मटका कुल्फीच्या भांड्यावर धरतो तसा थर. आप्पांनी बोट फिरवलं. बोटाची रेघ उठली. त्यांनी बोट माझ्या गालाला लावलं.

“बर्फ,” ते कुजबुजले.

कारण त्यांनी जागच्या जागी सांगितलं, थंडीने दात वाजत असताना. माठातलं पाणी झिरपून उडतं म्हणून माठ गार पडतो. तसं कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उडतं आणि आतली हवा एकदम थंड होते. त्यात ही हवा आधीच गार, धुक्याने ओली. ओलावा आतल्या झडपेवर गोठला, वाट बंद. एरवी बॉनेटखालची ती भट्टीतली हवा हे होऊ देत नव्हती. म्हणजे ज्या गरम श्वासावर आम्ही मे महिन्यापासून उठलो होतो, तोच श्वास थंडीत बिचारीची शाल होता.

मला वाटलं, आता आप्पा खचणार. मी सांत्वनाची वाक्यंही जमवत होतो. तर हा माणूस खिडकीशी धावला. “माई, बाहेर या! अहो, महाबळेश्वरला बर्फ पाडला मी!”

माई शालीतून म्हणाल्या, “लोक काश्मीरला नेतात.” पण उतरल्या. चप्पल दवात भिजवत पुढे आल्या, चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि आप्पांनी रेघ ओढली होती तिच्या शेजारी आपली एक बारीक रेघ ओढली. त्यांच्या बोटाखाली ते पांढरं पाणी होऊन ओघळलं. इंजिनाची उरलीसुरली ऊब वर चढत होती. दहा मिनिटांत थर नाहीसा झाला आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, काही झालंच नाही अशा सुरात. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही. त्यामुळे समोरच्या विंगेतले इंजिनिअर अजून “शक्यता नाकारता येत नाही” एवढंच म्हणतात.

वाईला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाइपकडे पाहिलं आणि हसू आवरलं. जुन्या काळी कित्येक गाड्यांच्या एअर क्लीनरला उन्हाळा-हिवाळा असायचा, म्हणाले. तोंड थंडीत गरम बाजूला फिरवायचं, उन्हाळ्यात गार बाजूला. आप्पा त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखे उभे होते. पुढचे चार रविवार माझे त्यात गेले. आता पाइपमध्ये एक पत्र्याची झडप आहे, तिला सायकलच्या ब्रेकची केबल आहे आणि डॅशबोर्डखाली एक खटका आहे. खटक्यावर आप्पांनी तांबड्या रंगाने सुबक अक्षरात ‘उ’ आणि ‘हि’ लिहिलंय. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत त्यावर झेंडूचं फूल असतं. नरसाळं परत मिळालेलं नाही. माई तेल आता वाटीने ओततात आणि दर वेळी सांडलं की त्याच्या नावाने बोलतात.

गेल्या महिन्यात मी नवी गाडी घेतली. पेढे घेऊन वर गेलो, तर आप्पा पेढा तोंडात टाकतच खाली आले. रंग पाहिला नाही, टचस्क्रीन पाहिला नाही, सहा एअरबॅगा आहेत म्हणालो त्याला “असू देत” म्हणाले. “बॉनेट उघड.”

उघडलं. सगळं काळ्या प्लॅस्टिकने झाकलेलं. नट म्हणून एक दिसेल तर शपथ. आप्पांचा चेहरा उतरला. मग ते वाकले, ग्रिलच्या बाजूने आत पाहिलं आणि एकदम थबकले. तिथून, थेट पुढच्या पट्टीपासून, एक चपटा रुंद काळा पाइप एअर फिल्टरच्या डब्यात गेला होता. कारखान्यातूनच आलेला.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पाइपवरून हात फिरवला. टिचकी मारली.

“पुढून घेतलीय हवा,” शेवटी म्हणाले. “घेतलीच त्यांनी.” मग मान तिरकी करून आणखी आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी उमटली.

“पण हे वळण बघ इथे. कशाला एवढं? उगाच दम कोंडतोय. बॅटरी धर.”