फर्मान, फर्मास वगैरे

‘मी काल एक फर्मान काढलं’ असं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आपण स्वतः काढतो ती सूचना, फार तर विनंती. फर्मान काढतो तो समोरचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी केली, तेव्हा फळ्यावरच्या कागदावर ठळक अक्षरांत ‘नम्र विनंती’ असं होतं आणि तळाशी दंडाची रक्कम. अख्ख्या इमारतीने ते फर्मान म्हणूनच वाचलं.

मुघलांच्या दफ्तरात या शब्दाची अशी परवड नव्हती. फर्मान बादशहाचंच. शहजाद्याने पाठवलं तर ते ‘निशान’, खालच्या अधिकाऱ्याचा तो ‘परवाना’. बादशहाची मर्जी वजिराने स्वतःच्या शिक्क्यानिशी कळवली, तर त्या कागदाला म्हणायचं ‘हस्बुल हुकूम’, म्हणजे हुकमाप्रमाणे. हसू नका. आपल्याकडच्या कुठल्याही जीआरचा शेवट काढून पाहा : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि खाली सही उपसचिवांची. राज्यघटनेच्या कलम १६६ मध्ये तशी सोयच आहे. शिपायांच्या गणवेशाचा धुलाई भत्तासुद्धा राज्यपालांच्याच नावाने मंजूर होतो. त्यांना बिचाऱ्यांना त्यातला साबणही दिसत नाही.

फर्मान आलं की सरदाराने चार पावलं पुढे जाऊन ते घ्यायचं आणि मस्तकी लावायचं, असा रिवाज होता. आपण जीआर वाचून कपाळाला हात लावतो. म्हणजे परंपरा निम्मी तरी शिल्लक आहे.

जीआर निघाला की कोपऱ्यावरचा पुढारी ‘अध्यादेश निघाला’ म्हणून फटाके लावतो. अध्यादेश ही निराळीच चीज. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना, कलम २१३ खाली राज्यपाल तो काढतात, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो गतप्राण होतो. जीआरला असलं मरण नाही. पुढच्या जीआरच्या माथ्यावर ‘वाचा’ या सदरात तो अनुक्रमांकासह नांदत राहतो. ‘फतवा’ तर मुळात हुकूमच नव्हे; कोणी विचारल्यावर मुफ्तीने दिलेलं धर्मशास्त्रीय मत. पण मुख्याध्यापिकेने दोन वेण्यांची सक्ती केली, की आपण ‘फतवा काढला’ म्हणून मोकळे!

या सगळ्या जाचक गोतावळ्यात एक चुलत भावंड मात्र गोड निघालं. ‘फर्मास’. घराणं तेच, फारसीतलं ‘फर्मूदन’, आज्ञा करणं. मुद्दाम सांगून, फर्माइशीने करवून घेतलेली वस्तू चांगलीच असणार, म्हणून फर्मास म्हणजे झकास. न्यायाधीश फर्मावतात ती शिक्षा आणि कोपऱ्यावरची फर्मास मिसळ ही एकाच रक्ताची, हे मिसळीच्या तिसऱ्या घासाला पटतं.

आमच्या घरी रविवारी कांदेपोह्यांची फर्माइश मी करतो. त्यावर ‘मग कांदे चिरून द्या’ असं उत्तर येतं. बायकोच्या लेखी ती साधी सूचना. फर्मान हा शब्द मी मनातल्या मनात वापरतो. डोळ्यांत पाणी येतं, पण ते कांद्याच्या आदेशानुसार व नावाने.