आयलँडर्स, पण कुठल्या बेटाचे?

मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच जन्माला आला. 'आयलँडर्स' हे टोपणनाव आणि निळा रंग ही त्याची ओळख. नावामागे मुंबईची सात बेटं आहेत, हे शाळकरी पोरही सांगेल. माझं म्हणणं असं, की या नावावर खरा हक्क माझगावचा आहे आणि संघ ते फुकट वापरतो आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम या यादीत अंधेरी नाही, नेरूळ तर नाहीच. पण संघाचे पहिले दोन हंगाम घरचं मैदान होतं नेरूळला, म्हणजे खाडीपार, थेट मुख्य भूमीवर. बेटकरी म्हणवून घ्यायचं आणि सलामीलाच बेट सोडायचं! 2016 पासून अंधेरी. भूगोलाचे मास्तर म्हणतील, अंधेरी साष्टीत येते आणि साष्टी हेही बेटच. कबूल. पण मग मुलुंड-भाईंदरवालेही आयलँडर्स ठरतात, आणि सात बेटांची गोष्ट गुंडाळून ठेवावी लागते.

यापेक्षा टोकदार आक्षेप असा, की माझगाव तरी आता बेट आहे कुठे? उमरखाडी बुजून जमाना झाला; आज ती टॅक्सीने ओलांडतात, तीही सिग्नल मिळाला तर. खरं आहे. मात्र भराव हा गुन्हा धरला तर सातही बेटं एकदम बाद होतात आणि टोपणनावाला आधारच उरत नाही. राहता राहिला प्रश्न, उरलेल्या सहांना डावलून माझगावच का? कारण वरळीचा समुद्र फ्लॅटचा भाव वाढवतो, माझगावचा समुद्र नोकरी करतो. 1774 पासून इथे गोदी आहे. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली फ्रिगेट 'निलगिरी' 1972 मध्ये इथूनच नौदलात गेली. उलट रहिवाशाला समुद्र पाहायचा तर गोदीच्या भिंती आड येतात, आणि भंडारवाडा टेकडीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात चढावं लागतं. (होमरूलवाल्या काका बाप्टिस्टांच्या बागेत कुणाला होमग्राउंडचा प्रश्न सुचला, तर दोष त्याचा नाही.) तिकडे नदीकाठच्या कोलकात्यात मोहन बागानने बोधचिन्हात शिडाची होडी घातली आणि 'मरिनर्स' होऊन बसले. माझगावकर जहाजं बांधत राहिले, पदवी मागायला त्यांना सवड झाली नाही.

निळ्या रंगावर संशय घेणारे मँचेस्टरकडे बोट दाखवतात. संशय अगदीच बिनबुडाचा नाही. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2014 मध्ये लाल-पांढऱ्या पोशाखातला मेलबर्न हार्ट संघ घेतला, त्याचं मेलबर्न सिटी केलं आणि आकाशी निळा रंग मागितला. तेव्हा सिडनी एफसीने आमचा रंग पळवता म्हणून हरकत घेतली होती. पण मुंबईत हा ग्रुप 65 टक्के हिस्सा घेऊन आला 2019 मध्ये, आणि संघ त्याआधीच निळा होता. शिवाय परक्यांनी येऊन बेटकरी ताब्यात घेणं ही तर इथली परंपराच. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबईची बेटं वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आजच्या दराने त्यात राखीव गोलरक्षकाचे हातमोजेही येणार नाहीत.

तरीही कुणाला पुरावा हवाच असेल तर आंबा आहे. माझगावचे आंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी जुनी ख्याती. संघानेही 2020-21 च्या एकाच हंगामात लीग शील्ड आणि चषक दोन्ही घेतले, अंतिम सामन्यात मरिनर्सनाच 2-1 असं हरवून. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात झाले, म्हणजे श्रेय घ्यायला अंधेरीला तोंड नाही. तेव्हा माझगावची मागणी माफक आहे: 1668 च्या दराने भाडं, त्यातला सातवा हिस्सा, थकबाकी 2014 पासून. आंबे चालतील.