विंडोज ९८साठी सॉफ्टवेअर कसे मिळवावे?

(नवशिक्यांसाठी सहा सोप्या पायऱ्या)

साहित्य : माळ्यावरून उतरवलेला एक संगणक, एक चालू संगणक आणि एक रविवार. घरी ‘तासाभरात होईल’ असे सांगावे. कोणत्या तासाभरात, ते सांगू नये.

१. जुन्या संगणकावरूनच शोधाशोध करू नये. १९९८च्या ब्राउझरला आजच्या बहुतेक वेबसाइट दारातूनच परत पाठवतात; त्यांची नवी कुलपे त्याला उघडत नाहीत. मुकाट्याने चालू संगणकावर बसावे.

२. इंटरनेट आर्काइव्हवर जावे. तिथे जुन्या सीडींच्या प्रती ढिगाने आहेत. डॉसचे गेम तर २०१५पासून थेट ब्राउझरमध्ये खेळता येतात. शहाण्या माणसाने इथेच थांबावे. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

३. ‘अबँडनवेअर’ म्हणजे कंपनीने वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर. सोडले असले तरी सातबारा तिच्याच नावावर असतो, हे विसरू नये. निर्धास्त झोप हवी असेल आणि डॉसवर भागत असेल, तर १९९४पासून घडत आलेले मोफत फ्रीडॉस घ्यावे.

इतर ठिकाणी भटकताना ‘डाउनलोड’ लिहिलेले मोठे हिरवे बटण दाबू नये. ती जाहिरात असते. खरी लिंक खाली, बारीक अक्षरांत, चोरासारखी उभी असते.

४. फाइल पलीकडे न्यावी. फ्लॉपीत १.४४ एमबी मावते. म्हणजे १५ एमबीच्या फाइलला अकरा फ्लॉप्या. दहा नीट वाचल्या जातात. खराब निघते ती अकरावी.

५. म्हणून पेनड्राइव्ह लावावा. विंडोज ९८ त्याला ओळख दाखवत नाही, ड्रायव्हर मागते. ड्रायव्हर चालू संगणकावर आहे. तो आणायचा कशातून? पेनड्राइव्हमधून. इथे चहा घ्यावा आणि सगळे सीडीवर उतरवावे. हे आधीच करायला हवे होते.

६. उत्साहाच्या भरात जास्तीची रॅम बसवू नये. ५१२ एमबीच्या वर गेले की विंडोज ९८ ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करू शकते. पंगतीत आग्रह फार झाला की असे होते.

आता सेटअप सुरू होईल आणि सीरियल नंबर विचारेल. तो मूळ सीडीच्या डबीवर होता. डबी कुठल्याशा दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेली. कोणी टाकली, हे घरात विचारू नये. उत्तर सगळ्यांना पाठ आहे : तुम्हीच.