एकास दोनशे

सिंगापूरच्या हौगांगमधलं मराठी घर फोडणीच्या वासावरून ओळखावं. त्या घरात आर्किटेक्चरचा विद्यार्थी आहे की नाही, हे मात्र जेवणाच्या टेबलावरून कळतं. टेबलावर फोम, बाल्सा लाकूड, कटिंग मॅट आणि एकास दोनशे प्रमाणातलं शहर. घरची माणसं मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर.

हे शहर वसवणारे चिरंजीव दोन वर्षांची नॅशनल सर्व्हिस करून आलेले. जागरणाची सवय तिथलीच असेल, असं वडिलांना वाटतं. आईचं म्हणणं, "तिथे निदान दिवे तरी बंद करायला लावायचे!"

कॉलेज म्हणजे एसयूटीडी, सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइन. 2012 साली पहिली तुकडी घेतलेलं, एनयूएसच्या मानाने चिमुकलं विद्यापीठ. पहिली तीन सत्रं सगळ्यांना सारखीच, शाखा त्यानंतर निवडायची. त्या तीन सत्रांत आईवडिलांनी मनोमन त्याला कॉम्प्युटर इंजिनीअर करून टाकलं होतं. त्याने आर्किटेक्चर घेतलं. वडील आता मंडळाच्या कार्यक्रमात सांगतात, "आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्याचेच. 2018 साली प्रिट्झकर पारितोषिक मिळालं!" तेव्हा दोशी नव्वदीचे होते, हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तोपर्यंत आपणच पोसायचं?"

त्याच्याबरोबर कुठे जाणं ही शिक्षाच. हौगांग ॲव्हेन्यू 7 वरच्या 316 नंबरच्या ब्लॉकवर मोठं इंद्रधनुष्य रंगवलंय. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. हा मागे जाऊन पाण्याचे पाइप बघतो. हॉटेलात शिरला की मेनूकार्डाआधी छत. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर मलय लग्नाचा मांडव पडतो, चिनी घरातलं मयत ठेवतात, म्हातारे बुद्धिबळ मांडतात. त्या जागेच्या सामाजिक महत्त्वावर तो तासभर बोलतो. शेजाऱ्याचं नाव विचारा, गप्प.

शेजाऱ्याची ओळख झाली ती स्प्रेच्या गोंदामुळे. आईने वासापायी घरात बंदी घातली, म्हणून मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्याचं चिकटवणं चाललं होतं. बांधकामावरून निवृत्त झालेले चिनी अंकल बनियनवर बाहेर आले. उकिडवे बसून त्यांनी मॉडेल चहूबाजूंनी न्याहाळलं.

"व्हेरी नाइस. टॉयलेट व्हेअर?"

समाजकेंद्र होतं ते. त्यात 'आठवणींचा झिरपता उंबरठा' होता, 'प्रकाशाची विहीर' होती, 'शांततेचा जिना' होता. टॉयलेट नव्हतं.

"कन्सेप्ट स्टेज, अंकल."

"पीपल कम, ड्रिंक कोपी, देन हाऊ?"

याला उत्तर नव्हतं. अंकलनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने उभी रेघ ओढली. टॉयलेटखाली टॉयलेट, त्याखाली टॉयलेट, पाइप सरळ खाली. सिंगापूरचे दहातले जवळपास आठ लोक ज्या सरकारी घरांत राहतात, त्यांचं रहस्य एका रेघेत उलगडलं. पहाटेपर्यंत शांततेचा जिना तोडून तिथे एकावर एक टॉयलेटं बसली.

दुसऱ्या दिवशी क्रिटमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या मॉडेलच्या परीक्षणात, परीक्षकांनी उंबरठा झोडपला, विहीर झोडपली. कौतुक झालं ते एकाच गोष्टीचं, "सर्व्हिसेसचा विचार प्रगल्भ आहे."

तेव्हापासून घरची क्रिट रात्री कॉरिडॉरमध्येच भरते. अंकल खुर्ची घेऊन येतात, आई चहा आणि चकल्या पाठवते. व्हॉइड डेकवरच्या व्याख्यानात जे काय असायचं, ते आता प्रत्यक्ष दारात घडतंय, पण चिरंजीवांच्या ते लक्षात आलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पाइपकडे.

परवा आईने अंकलनाच गाठलं, "यू टेल हिम. डायनिंग टेबल व्हेअर?"